नदी कीं नाला ?

मुंबई शहरांत एखादी नदी वाहते काय, असा प्रश्न २००५ सालापूर्वीं कोणी केला असता, तर बहुतेक नागरिकांनीं मान हालवून नाहीं म्हटलें असतें. त्या सालच्या जुलैच्या २६ तारखेस हें अज्ञान फार महाग पडलें. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, समुद्रास भरती आली, आणि ज्या प्रवाहास आम्ही नाला म्हणून हिणवीत आलों, त्यानें कुर्ला-कालिन्याच्या घराघरांत शिरून आपण नदी असल्याची साक्ष दिली. शहरांतील चारशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ही नदी म्हणजे मिठी.

मिठीचा पल्ला मोठा नाहीं. उगमापासून मुखापर्यंत अवघे १८ किलोमीटर. साष्टीच्या डोंगरांतून उतरणारें पाणी विहार व पवई या तलावांत अडतें. यांपैकीं विहारचा बांध १८६० सालचा. हे तलाव भरून सांडूं लागले म्हणजे पावसाळ्यांत मिठीस जोर चढतो. तेथून साकीनाका, कुर्ला, कालिना या वस्त्यांतून उतरत, वाकोल्याचा ओढा पोटांत घेऊन, धारावीच्या कडेनें ती माहीमच्या खाडीस मिळते. खालचा प्रदेश इतका सपाट कीं, भरतीचें पाणी उलट नदींत चढतें. वरून पूर व खालून भरती एकाच वेळीं आली, तर पाण्यास घटकाभर पसरून बसावयास जागा पाहिजे. कांठची दलदल व तिवरांचें रान हीच ती जागा होय. तिला पडीक जमीन समजणें हीच या सर्व अनर्थाची जड आहे.

ही जागा घेतली कोणीं ? नदीच्या मुखावर माहीमचा बांधरस्ता १८४५ सालीं झाला, तो परक्या अमलांत, हें खरें. परंतु पुढील सर्व पाप परक्यांच्या माथीं मारतां येणार नाहीं. १९७७ पासून प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हातीं सोंपविलेलें वांद्रे-कुर्ला संकुल सुमारें ३७० हेक्टर सखल भूमीवर, मिठी व वाकोल्याचा ओढा यांच्या दोन्ही तीरांवर, स्वराज्यांतच उभें राहिलें. विमानतळाच्या सोयीसाठीं प्रवाहास काटकोनांत वळविण्यांत आलें. वाहत्या पाण्यास काटकोन मानवत नाहीं, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. तें मोठमोठ्या योजकांस ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल?

कांठच्या झोंपड्या, तबेले व लहान कारखाने यांनीं नदींत घाण सोडली, हा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. पण पूर आला कीं सर्व बोटें झोंपडीकडेच वळावीं, हा कोठला न्याय ? ज्यास शहरांत दुसरीकडे जागा मिळाली नाहीं, तो गरीब नदीच्या कडेस येऊन राहिला. ज्यास कोठेंहि जागा मिळाली असती, त्यानें नदीचा कांठच भरून घेतला. यांपैकीं पहिला पुरांत प्रथम बुडतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यांतहि प्रथम उभा राहतो.

पुरानंतर २००५ सालींच मिठीसाठीं स्वतंत्र प्राधिकरण झालें, चितळे समितीनें चौकशी केली, रुंदीकरण झालें, गाळ निघाला, तीरावर भिंती आल्या. गाळ काढणें अवश्य आहे. परंतु दोन भिंतींमध्यें कोंडलेली नदी म्हणजे आमच्याच तोंडची शिवी खरी करून दाखविणें होय.

कायद्याची वाट याहून निराळी आहे. एका हॉटेलाच्या बचावासाठीं बियास नदीचा प्रवाह वळविण्यांत आला, त्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९६ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, नद्या, किनारे व अरण्यें यांचें सरकार हें मालक नसून लोकांचें विश्वस्त आहे. विश्वस्तानें ठेव विकावी काय, याचें उत्तर देण्यास वकिलाची सनद लागत नाहीं. म्हणून आमचें मागणें सरळ आहे. मिठीची पूररेषा प्रत्येक नागरिकास वाचतां येईल अशी आंखावी, आणि तिच्या आंत यापुढें सरकारी वा खासगी एकहि भराव पडूं नये. सांडपाणी नदींत शिरण्यापूर्वींच अडवून शुद्ध करावें. कांठचीं माणसें हलविणें भागच पडेल तेथें त्यांच्या रोजगाराजवळ घर आधीं द्यावें, मग झोंपडीस हात लावावा.

आणि नागरिकांनीं एवढें तरी करावें कीं, तिला पुन्हां नदी म्हणावें. जिला नाला म्हटलें तिच्यांत कचरा टाकतांना हात अडखळत नाहीं. पाण्याच्या हक्कास मुदतीचा कायदा लागू नाहीं. दर पावसाळ्यांत तें आपला दावा नव्यानें दाखल करितें, आणि त्याची हुकूमनाम्याची बजावणी आम्ही एकदां पाहिली आहे.