वाचनाचा तास

श्रावणाच्या अंकांत या सदरांत पाठांतराविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून पुण्याच्या एका भगिनींनीं पत्र पाठविलें आहे. त्यांचा मुलगा सहावींत आहे. मराठी पुस्तक हातीं दिलें तर तो घडाघडा वाचतो. परंतु पान संपल्यावर 'काय वाचलंस?' म्हणून विचारलें कीं आईच्या तोंडाकडे पाहत राहतो. हा दोष मुलाचा कीं शाळेचा, असा त्यांचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मला माझा स्वतःचा एक दोष सांगणें प्राप्त आहे.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. संस्कृत वडिलांपाशीं व पुढें पाठशाळेंत शिकलों. वसई तालुक्यांत ३८ वर्षें मास्तरकी केली आणि बहुतेक काळ पांचवी ते सातवीचे वर्ग माझ्याकडे होते. माझा वाचनाचा तास शिस्तीबद्दल नांवाजलेला असे. पहिल्या बांकावरील मुलानें उठावें, धड्यांतील एक परिच्छेद मोठ्यानें वाचावा, चुकल्यास मीं टेबलावर छडी आपटावी, त्यानें चूक सुधारून खालीं बसावें, मग दुसऱ्यानें उठावें. पस्तीस मिनिटांच्या तासांत एकेका मुलाच्या वांट्यास फार तर एक मिनिटाचें वाचन येई. उरलेला वेळ तें आपल्या वांट्याला कोणता परिच्छेद येणार हें मोजीत बसे. मला हें दिसत नव्हतें असें नाहीं. परंतु वर्ग शांत असे, आणि शांत वर्ग तो चांगला वर्ग अशी माझी समजूत होती.

या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे असेंही मला वाटे. पाणिनीय शिक्षेंत उत्तम पाठकाचे सहा गुण व अधम पाठकाचे सहा दोष सांगितले आहेत. गाऊन वाचणें, घाईनें वाचणें, डोकें हालवीत वाचणें, बारीक आवाजांत वाचणें, अर्थ न कळतां वाचणें हे त्या दोषांपैकीं. आणि सहावा तर लिहिलेलें पाहून वाचणें हाच! (म्हणजे आमची शाळाच्या शाळा अधम ठरली.) मीं आवाज, घाई आणि डोकें यांवर जन्मभर नजर ठेविली व अर्थ तेवढा मुलांवर सोपविला. अर्थ न जाणतां वेद पढणाऱ्याला यास्काचार्यांनीं निरुक्तांत भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. असे खांब मीं वर्षाला चाळीस या हिशेबानें उभे केले.

१९९० च्या सुमारास माझ्या सातवीच्या वर्गांत एका वाडीवाल्याचा मुलगा होता. घरीं सामवेदी बोली. आमच्या वसईंत सामवेदी, वाडवळी, आगरी, वारली अशा बोली थोड्या थोड्या अंतरावर बदलत जातात, आणि नालासोपारा-विरारकडे नव्यानें आलेल्या बिऱ्हाडांची हिंदी व भोजपुरी निराळीच. त्या मुलाच्या जिभेला पुस्तकी मराठी परकी. तो उभा राहिला कीं वर्ग हंसूं लागे. मी वर्गाला दटावीत असें, पण त्याला उभा करण्याचें सोडीत नसें. सरावानें येईल, हा माझा सिद्धान्त. दिवाळीनंतर तो नेमका त्याच तासाला गैरहजर राहूं लागला. पुढच्या वर्षीं आठवींतून त्याची शाळा सुटली. शाळा सुटण्याला घरचीं कारणें पुष्कळ असतात, असें मीं स्वतःला सांगितलें.

गतवर्षाच्या जूनपासून मी येथल्याच एका शाळेंत सातवीला आठवड्यांतून तीन दिवस वाचनाचा तास घेतों. निमित्त माझ्या पुतणीचें. ती अमेरिकेंत शिक्षिका आहे. तिकडे मधल्या इयत्तांतून चालणारी 'वाचन-कार्यशाळा' तिनें मला समजावून सांगितली. 'कार्यशाळा' हा शब्द ऐकून मला प्रथम हंसूं आलें. कारण वसईच्या पूर्वेस वालीव-सातिवलीकडे कार्यशाळा म्हणजे लेथ चालणारा गाळा. मग विचार केला, कीं गाळ्यांत शिकाऊ पोरगा दिवसभर उभा राहून उस्तादाकडे पाहत नाहीं. उस्ताद दोन मिनिटें दाखवितो आणि पोराच्या हातीं काम देतो. माझ्या वर्गांत मात्र सारें काम माझ्याकडे होतें.

या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्यांत नॅन्सी अ‍ॅटवेल या बाईंचें नांव अग्रभागीं आहे. मेन नांवाच्या राज्यांत त्या आठवीच्या मुलांना शिकवीत. १९८७ सालीं त्यांचें या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. २०१५ सालीं जागतिक शिक्षक पारितोषिकाच्या पहिल्या मानकरी त्याच ठरल्या व मिळालेले दहा लक्ष डॉलर त्यांनीं आपल्या शाळेला देऊन टाकले. (२०२० सालीं हेंच पारितोषिक सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळालें, हें वाचकांस स्मरत असेल.) बाईंचें म्हणणें थोडक्यांत असें: पुस्तक मुलानें स्वतः निवडावें, तें वाचावयास शाळेच्या वेळांतच वेळ मिळावा, आणि वाचलेल्याविषयीं त्यानें शिक्षकाला पत्र लिहावें व शिक्षकानें उत्तर द्यावें. मूल येत नसेल तर शाळेनेंच मुलाकडे जावें, हें आमच्या भागाला नवें नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आरंभिलेलें काम पुढें कोसबादच्या टेकडीवर नेलें, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरविली.

पहिली अडचण कपाटाची निघाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणें प्रत्येक शाळेंत ग्रंथालय हवें व त्यांत गोष्टींचीं पुस्तकेंही हवींत. पुस्तकें होतीं, पण कुलुपांत. प्रत्येक पुस्तक डेडस्टॉकला चढलेलें. हरवलें तर भरपाई शिक्षकाच्या पदरीं. अशा स्थितींत पुस्तक वाचलें जाण्यापेक्षां न वाचलें जाणेंच शिक्षकाच्या सोयीचें. हरवलेल्या पुस्तकांचे पैसे मी भरीन असें लिहून दिलें, तेव्हां किल्ली मिळाली.

आतां तास असा चालतो. आरंभीं मी पांच-सात मिनिटें बोलतों, एकाच गोष्टीविषयीं. अनोळखी शब्द आला तर थांबावें कीं पुढें जावें, गोष्ट सांगणारा 'मी' कोण, लेखकानें न सांगितलेलें आपल्याला कसें कळलें, असें कांहीं. मग पंचवीस मिनिटें प्रत्येकानें आपापलें पुस्तक मनांत वाचावयाचें. पुस्तक झेपेल कीं नाहीं हें पाहण्यास एक सोपी युक्ति आहे: एक पान वाचावें, न कळलेल्या शब्दागणिक एक बोट मिटावें, मूठ वळली तर पुस्तक परत ठेवावें. मी त्या वेळीं एकेका मुलाजवळ जाऊन बसतों व हळूच विचारतों, 'काय चाललंय गोष्टींत?' एका तासांत पांच-सहा मुलें होतात. पत्रें आठवड्याला एक. अडतीस मुलांना उत्तरें लिहितां लिहितां माझा रविवार जातो.

सर्व सुरळीत चालतें असें समजूं नये. पानें उलटण्याचा नुसता अभिनय करणारे चार वीर आहेत. एक मुलगा वर्तमानपत्रांतील क्रिकेटचें पान सोडून दुसरें कांहीं वाचीत नाहीं. जूनपासून मी धीर धरून आहें. याहून अवघड म्हणजे पांच मुलें अशीं आहेत कीं, त्यांना जोडाक्षरच उलगडत नाहीं. त्यांना मुकाट्यानें पुस्तक धरून बसविणें ही शिक्षाच. त्यांना मी निराळीं घेऊन बसतों. फलटणला प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन बाईंनीं थोडीं अक्षरें व थोड्या मात्रा शिकवून लगेच त्यांचे शब्द बनविण्याची जी वाट दाखविली, तीच धरली आहे. मोठ्यानें वाचणेंही मीं टाकलेलें नाहीं. शनिवारीं मी वाचतों आणि मुलें ऐकतात. कविता तर तोंडानेंच वाचली पाहिजे, याविषयीं माझें मत बदललेलें नाहीं.

पहिल्याच आठवड्यांत शाळेच्या दारांत एक गृहस्थ उभे होते. केस पिकूं लागलेले, हातांत रिकामी पाटी; वसईहून पहाटेच्या गाडीनें दादरला भाजी नेतात. मीं ओळखलें नाहीं. त्यांनीं ओळख दिली. तोच माझा सातवींतला मुलगा. म्हणाला, 'गुरुजी, माझी पोरगी तुमच्या वर्गात आहे. तिला उभी करू नका, एवढंच.' या तासाला कोणालाच उभें करीत नाहीं, असें मीं सांगितलें. त्याला तें खरें वाटलें नसावें. कारण तो तास संपेपर्यंत व्हरांड्यांत, खिडकीपाशीं थांबला होता.

मुलीनें पहिले तीन आठवडे बालवाडीला शोभतील अशीं चित्रांचीं पातळ पुस्तकेंच घेतलीं. पूर्वींचा मी असतों तर तीं हातांतून काढून घेतलीं असतीं. मग ती 'किशोर'च्या जुन्या अंकांकडे वळली, आणि पावसाळा सरतां सरतां भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर आली. एके दिवशीं जवळ बसून विचारलें, तेव्हां ती सांगूं लागली तें थेट सामवेदींत. कोण पळाला, कां पळाला, त्याच्या मनांत काय होतें आणि पुढें काय होईल असें तिला वाटतें, सारें भडाभडा. 'शुद्ध बोल' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते गिळले. अडतीस वर्षें अर्थ असा समोर येत असेल आणि मीं तो व्याकरणाच्या चुकीपायीं परत पाठविला असेल, असें त्या वेळीं वाटलें.

तेव्हां भगिनींनीं मुलाला दोष देऊं नये. 'असर' नांवाच्या पाहणींत २०२४ सालीं ग्रामीण भारतांतील पांचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचतां आला. ती परीक्षाही मोठ्यानें वाचण्याचीच आहे. घडाघडा वाचणारा आपला मुलगा तींत उत्तीर्ण होईल. अर्थाचा हिशेब तेथें होत नाहीं. कांहीं दिवस त्याला मोठ्यानें वाचावयास लावूं नका. रोज वीस मिनिटें ठरवा. पुस्तक त्याच्या पसंतीचें असूं द्या, मग तें आपल्याला कितीही पोरकट वाटो. आपण शेजारीं आपलें पुस्तक घेऊन बसा. 'काय वाचलंस?' हा परीक्षकाचा प्रश्न आहे. त्यापेक्षां आपण काय वाचलें तें आधीं त्याला सांगा. आणि दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटाला कुलूप असेल तर तेंही काढा. माझ्या घरीं होतें. माझा नातू इंग्रजी शाळेंत जातो व त्याला मराठी जोडाक्षरें येत नाहींत, हेंही येथें सांगून टाकतों. त्या पांच मुलांत खरें म्हणजे सहावा तो.

शाळेचें कपाट उघडें राहूं लागल्यापासून दोन पुस्तकें गेलीं. त्यांचे पैसे मीं भरले. एकाचा पत्ता लागला नाहीं. दुसरें कोठें आहे असें विचारतां ती मुलगी म्हणाली, 'बाबांकडे आहे. गाडीत वाचतात. अजून झालं नाही.' पैसे भरल्याचें मीं तिला सांगितलें नाहीं.