माणसांचा नकाशा कोण वाचणार?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ताच राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच नंतर सांगितले. डोंगराचा उतार आणि पावसाचे मान मोजणारे शास्त्र आपल्याकडे आहे. परंतु त्या उतारावर कोण राहतो, का राहतो, खाली उतरविल्यास त्याची शेती, गुरे आणि जंगलावरील चरितार्थ यांचे काय होणार, हे प्रश्न केवळ खडकाच्या परीक्षेने सुटत नाहीत. त्यांचा विचार मानवी भूगोल करतो.

दुर्दैव असे की, हाच विषय सुशिक्षित घरांत सर्वाधिक उपेक्षित आहे. शाळेत पाठांतराचा आणि महाविद्यालयात ‘अन्यत्र प्रवेश मिळाला नाही म्हणून’ घेतलेला! ‘भूगोल घेऊन पुढे काय? शिक्षकच ना?’ हा पालकांचा प्रश्न मात्र हेटाळणीने झटकण्याजोगा नाही. मुलाच्या उपजीविकेची चिंता रास्तच आहे. बदलले आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे ४५ टक्के लोक नागरी भागात राहत होते. वस्ती कोठे वाढावी, पाणी व वाहतूक कोठवर न्यावी, हे ठरविणाऱ्या नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अनेक संस्थांत भूगोलाचे पदव्युत्तर विद्यार्थी पात्र ठरतात. लोकसंख्येच्या अभ्यासासाठी मुंबईत देवनार येथे, तर उपग्रह प्रतिमांच्या वाचनासाठी डेहराडून येथे राष्ट्रीय संस्था आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय आहे. केंद्राने २०२१ मध्ये नकाशे व भूस्थानिक माहितीवरील निर्बंध भारतीय संस्थांसाठी सैल केले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आणले. त्यामुळे खासगी क्षेत्राचे दारही अधिक उघडले आहे.

तथापि, नुसत्या पदवीने ही दारे उघडत नाहीत. सांख्यिकी, जीआयएस आणि प्रत्यक्ष क्षेत्र-सर्वेक्षण या तिन्हींचा सराव हवा. अभ्यास-सहल म्हणजे वनभोजन आणि अहवाल म्हणजे मागील वर्षीच्या वहीची नक्कल, ही रीत चालू राहिली तर पालकांची शंकाच खरी ठरेल. हा दोष विषयाचा नसून तो शिकविण्याच्या व शिकण्याच्या पद्धतीचा आहे.

वाडीवस्त्यांवर वावरणाऱ्या कार्यकर्त्यास कोणत्या पाड्याला रस्ता नाही, कोणते कुटुंब ऊसतोडीला जाते, हे ठाऊक असते. त्या अनुभवास शास्त्राची जोड देणारा तरुण घराघरांतून पुढे आला पाहिजे. विषयनिवडीच्या वेळी ‘भूगोल’ म्हणणाऱ्या मुलाला गप्प बसविण्यापूर्वी पालकांनी इर्शाळवाडी आठवावी. जी वस्ती यादीत नव्हती, ती यादीत आणणारा माणूस कोणाच्या तरी घरातूनच यावयाचा आहे.