फुलपाखरू माशाची खरी किंमत

मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा ते पाहून घरी परतलेल्या कित्येक मुलांनी वडिलांपाशी काचपेटीचा हट्ट धरला असेल. तो हट्ट बहुधा गप्पी आणि गोल्डफिश यांच्यावर भागत असे. हे मासे गोड्या पाण्यातले, हौदात पैदास होणारे. एखादा मेला तरी मुलाच्या रडण्यापलीकडे कोणाचे फारसे बिघडत नसे. खाऱ्या पाण्याच्या पेटीची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यातील फुलपाखरू माशाची तर सर्वस्वी निराळी.

प्रवाळभित्तींच्या आश्रयाने राहणाऱ्या या कुळात सुमारे 130 जाती आहेत. चपटे अंग, ठसठशीत रंग, पुष्कळांच्या डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा आणि पुढे आलेले नाजूक तोंड. या तोंडाचा उपयोग काय, हे दुकानात पाहणाऱ्यास कळत नाही. यांतील काही जाती जिवंत प्रवाळांखेरीज जवळजवळ काहीच खात नाहीत. अशा माशापुढे गोठवलेली कोळंबी टाकली, तर तो तिच्याभोवती फिरतो, क्वचित एखादा कण टिपतो आणि काही आठवड्यांत खंगून मरतो. हौशी मनुष्य पाण्याला दोष देतो, क्षारता मोजतो, नवे मीठ आणतो. मासा मात्र उपासाने गेलेला असतो. उलट, ऑरिगासारख्या जाती कोळंबी, कृमी, शेवाळ असे मिळेल ते खाऊन वर्षानुवर्षे जगू शकतात. नारिंगी पट्ट्यांचा, लांब चोचीचा कॉपरबँड या दोहोंच्या मधला: एखादा रुळतो, पुष्कळ रुळत नाहीत. दुकानात हे सारे शेजारी शेजारी पोहत असतात, आणि त्यांच्या भावात जगण्याच्या शक्यतेचा मागमूसही नसतो.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्यास ठाऊक असलेले घेणाऱ्यास ठाऊक नसले म्हणजे बाजार बिघडतो. येथील बिघाड त्याहून एक पाऊल पुढचा आहे. मोटार बंद पडली तर गिऱ्हाईक भांडायला येते. मासा मेला तर तेच गिऱ्हाईक ओशाळून दुसरा घ्यायला येते. मृत्यू ही येथे मालातील खोट ठरत नाही, ती पुढच्या विक्रीची तयारी ठरते.

आणि हा माल कारखान्यात तयार होत नाही. या माशांची पिले दीर्घकाळ खुल्या समुद्रात तरंगत वाढतात. त्यामुळे त्यांची हौदातील पैदास तुरळक प्रयत्नांपलीकडे गेलेली नाही. विकले जाणारे जवळजवळ सर्व फुलपाखरू मासे समुद्रातूनच धरलेले असतात. फिलिपीन्समध्ये 1960 च्या दशकापासून बाटलीतून सोडियम सायनाइडचे द्रावण प्रवाळांच्या कपारीत फवारून मासे गुंगवण्याची रीत पडली. ती कायद्याने निषिद्ध आहे, तथापि समूळ नाहीशी झालेली नाही. तिच्यात मासा पुढे मरतो, प्रवाळ तेथल्या तेथे.

मग व्यापारच बंद करावा काय? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मालदीवचे आकडे आहेत. 2000 साली तेथे एक किलो जिवंत शोभेच्या माशांचे मोल सुमारे 500 डॉलर होते, तर खाण्यासाठी धरलेल्या भित्तीवरील माशांचे अवघे 6 डॉलर. थोडे मासे धरून अधिक मिळविणाऱ्या कोळ्याला आपली भित्ती राखण्याचे कारण उरते. सरसकट बंदी ते कारणच काढून घेईल. हा युक्तिवाद खरा आहे, पण धरलेला मासा जगणार असेल तेवढाच. उपाशी मरणाऱ्या जातींची मागणी मरणाच्या वेगाने वाढते आणि काटकसरीचा सारा हिशेब कोलमडतो.

भारतात भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, वाघाच्या पंक्तीत. आपल्या समुद्रातून ते तोडून आणणे गुन्हा आहे. मग केवळ त्यांच्यावरच जगणारा मासा दिवाणखान्यात कोणत्या आधारावर विकला जातो? निदान तेवढ्या जातींची विक्री थांबविण्यास कोणत्याही मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. जातींची यादी पुरेशी आहे. उरलेल्यांच्या बाबतीत गिऱ्हाइकाने भाव विचारण्यापूर्वी मासा आपल्यादेखत चार घास खातो की नाही, एवढे पाहावे. “घरी गेल्यावर खाईल” असे उत्तर आले, तर पाकीट खिशातच राहू द्यावे.