आघाडी मोठी झाली की

सॉफ्टबॉलचा सामना सात डावांचा. पण आंतरराष्ट्रीय नियमांत पाच डावांनंतर 7 धावांची आघाडी असली की तो तिथेच संपतो. शालेय क्रिकेटला असा लगाम नाही. जानेवारी 2016 मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या. समोरची मुलं 31 आणि 52 धावांत गारद झाली, हे किती जणांना आठवतं? प्रणवचं कौतुक व्हायलाच हवं. प्रश्न मोठ्यांना आहे. संघाच्या 1465 धावा होईपर्यंत डाव घोषित करावासा कुणालाच का वाटला नाही? मुलींच्या सॉफ्टबॉलमध्येही आघाडी मोठी असताना, समोरच्या दमलेल्या पिचरचा चेंडू प्लेटपर्यंत पोहोचत नसतो, तरी प्रशिक्षक ओरडून बेस चोरायला लावतात. तेवढं थांबवा, बाकावरच्या मुलींना मैदानात उतरवा.