पत्ता वाचण्याची साक्षरता

समुद्रपूर तालुक्यातील आमचा विद्यार्थी दहावी उत्तीर्ण झाला की त्याचे पुढील शिक्षण बहुतांशी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या आधाराने चालते. तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. या अर्जांची सूचना आता भ्रमणध्वनीवरील लिंकने येते. ती लिंक बनावट निघाली आणि खाते रिकामे झाले, तर वसतिगृहातील एखाद्या मुलीचे संपूर्ण वर्ष बुडते.

लघु लिंकबाबत हा धोका अधिक आहे. 'बिटली', 'टायनीयूआरएल' यांसारख्या सेवा लांबलचक पत्ता मोजक्या अक्षरांत गुंडाळतात. सोय खरी, परंतु आपण कोणाच्या दारी चाललो आहोत, हेच त्यामुळे झाकले जाते. 2025 साली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची होताच बनावट संकेतस्थळे उभी राहिली. अशा वेळी दोष केवळ आयाबहिणींच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. शासकीय योजनेची माहिती लघु लिंकने पाठविणाऱ्या शाळा, कार्यालये व कार्यकर्त्यांनीच लोकांना डोळे झाकून बोट ठेवण्याची सवय लावली आहे. म्हणून पहिली जबाबदारी पाठविणाऱ्याची: त्याने मूळ पत्ता पूर्ण लिहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी जबाबदारी शाळेची. साधन हाती येताच ते कोणी, केव्हा व कशासाठी निर्माण केले हे आधी विचारावे, असे आम्ही इतिहासाच्या तासाला शिकवितो. लिंकलाही हाच नियम लावावा. ती न उघडता, बोट दाबून धरून तिची प्रत घ्यावी. बिटलीची लिंक असल्यास ती ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीत चिकटवून शेवटी अधिकचे चिन्ह जोडावे. मूळ पत्ता दिसतो. त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेषेपूर्वीचा भाग उजवीकडून वाचावा. वरील दोन्ही योजनांच्या अधिकृत संकेतस्थळांचा शेवट 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. हीच अक्षरे मध्ये आणि शेवटी दुसरेच काही असेल, तर ते दार शासनाचे नव्हे. कुलपाचे चिन्ह हाही प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. पत्ता उलगडत नसेल, तर लिंक सोडून द्यावी आणि अधिकृत पत्ता स्वतः टाइप करावा.

तरीही फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आठवीपासूनच्या प्रत्येक वर्गाला महिन्यातून एक तास या अभ्यासासाठी द्यावा आणि सुटीत घरी गेलेल्या मुलांनी तो आईवडिलांपर्यंत न्यावा, अशी आमची सूचना आहे. आमच्या आजोबांच्या पिढीकडून कागद न वाचून दाखविता अंगठे घेतले गेले. त्यांच्या शिकलेल्या नातवंडांनी न वाचता लिंकवर अंगठा ठेवू नये.