आधी ब्रेक, मग सहस्रकुंड

पावसाळा आला की नांदेडकरांचा वीकेंड प्लॅन फिक्स! भोकर, हिमायतनगर करत इस्लापूर गाठायचं आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बघायचा. गाडीत गाणी भरली, चिप्सची पाकिटं भरली. पण ब्रेकचं काय? दाबल्यावर 'किर्रर्र' होतंय? बऱ्याच गाड्यांत हा मुद्दाम ठेवलेला अलार्म असतो. पॅड झिजले की त्यावरची छोटी पट्टी डिस्कला घासते आणि ओरडते.

पॅडचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास उरला की बदलाच, आणि पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम. हे काम घरी जमतं. फक्त जागा सपाट हवी आणि गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवाच. सोडवलेला कॅलिपर पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पिस्टन हळूहळू आत दाबा. तेव्हा ब्रेक ऑइलची डबी ओसंडत नाही ना, तेही बघा. चाक बसवलं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. नाहीतर पहिल्याच ब्रेकला पाय थेट तळाला!

कॅलिपरच बदलायचाय? मग थांबा, बॉस. ऑइलची लाइन उघडली की आत हवा शिरते. पाय दाबला की हवाच दबते, ब्रेक नीट लागत नाही. ती हवा काढणं, म्हणजे ब्लीडिंग, हे सरावाचं काम. त्यासाठी मेकॅनिकच गाठा, तोही निघायच्या आधी. हिरोगिरी पॅडपुरती ठीक आहे!