जमेच्या बाजूचे म्हातारे

नोव्हेंबर उजाडला, की आमच्या श्रीरामपूरच्या पंचक्रोशीत दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक उसाच्या गाळपाचा आणि दुसरा म्हाताऱ्यांनी आपण जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा. पहिल्याला कोयता लागतो. दुसऱ्याला आधार कार्ड, पासबुक, दोन्हींची झेरॉक्स आणि शाबूत अंगठा. मी बँकेत कारकून. (कोणत्या, ते विचारू नका, पोट तिथेच आहे.) एरवी माझे काम सही जुळते की नाही हे बघण्याचे, पण या महिन्यात चित्रगुप्ताच्या खात्याचा तात्पुरता चार्ज माझ्याकडे येतो. बी. कॉम.ला हा विषय नव्हता.

२०१४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ आणले. यंत्रावर अंगठा टेकवायचा, की माणूस हयात. कल्पना नामी. फक्त ज्याने सारी उमर कारखान्यात पाना फिरवला, किंवा रात्री-बेरात्री उसाला दारे धरली, त्याच्या अंगठ्यावर रेघा उरतात की नाही, हा विचार करणाऱ्यांचे स्वतःचे हात बहुधा मऊ असावेत. यंत्र लाल दिवा दाखवते. समोरचे बाबा म्हणतात, “साहेब, म्या हाये की!” मी म्हणतो, “मला दिसताय हो बाबा, याला दिसत नाही.”

गंमत बघा. सावकाराच्या कागदावर हाच अंगठा पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार उठला. याच्याकडून काढून घ्यायचे होते तोवर अंगठा ठळक होता. याला द्यायची वेळ आली आणि तो पुसट झाला.

२०२१ पासून चेहरा दाखवूनही काम होते. त्याला मोबाइल लागतो. तो असतो नातवाकडे आणि नातू असतो पुण्याला. कुणाचा मिळालाच, तर तो ‘डोळ्यांची उघडझाप करा’ म्हणतो. मोतीबिंदू काढून आलेल्या एक आजी भर गर्दीत माझ्याकडेच बघून डोळे मिचकावू लागल्या, तेव्हा लाजायची पाळी माझ्यावर आली.

आणि नाव जुळले पाहिजे, हे वेगळेच. अहो, आमच्या गावाचे नाव श्रीरामपूर आणि स्टेशनचे नाव बेलापूर! गाडी कधी त्यावरून अडली नाही. पण त्याच गावच्या म्हाताऱ्याच्या आधारवर ‘रामभाऊ’ आणि पासबुकावर ‘रामचंद्र’ निघाला, की त्याचे पेन्शन आउटर सिग्नलला उभे.

माझा प्रश्न कारकुनी आहे. मृत्यूची नोंद झाली पाहिजे, असा कायदा या देशात १९६९ पासून आहे. ती नोंद सरकारच करते, दाखला सरकारच देते आणि पेन्शनही सरकारी आदेशानेच निघते. मग माणूस गेला, हे नोंदवहीने बँकेला कळवावे. माणूस आहे, हे माणसाने का सांगत फिरायचे? ‘लोक मृत्यू लपवून पेन्शन खातात हो!’ असे म्हणतील. खात असतील काही. मग नोंदवह्या सुधारा! शंभरांत एक लबाड निघेल म्हणून नव्व्याण्णव जणांना दरसाल मेलेले धरायचे, हा कुठला न्याय?

सत्तरी ओलांडलेल्यांना साध्या सेवा घरपोच द्या, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व बँकांना बजावले. ही सोय आहे का, हे विचारायला आमच्याकडे म्हातारी माणसे रिक्षा करून येतात.

आता जरा हिशेबाचे बोलू. साठीपुढच्यांची संख्या वाढतेय म्हणून विद्वान चिंतेत आहेत. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात अशी माणसे एक कोटीच्या वर होती, साधारण दहांत एक. पुढे प्रमाण वाढतच जाणार. त्यांच्या तक्त्यात या सर्वांना ‘अवलंबित’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे. या विद्वानांनी एक दिवस माझ्या शेजारी स्टूल टाकून बसावे. मुदत ठेवीच्या खिडकीपाशी सगळी काठी-चष्मेवाली मंडळी; कर्जाच्या टेबलाशी सगळे काळे केस. म्हाताऱ्याने ठेवायचे, त्यातून तरुणाने मोटारसायकल घ्यायची आणि त्याच मोटारसायकलवरून जाताना म्हणायचे, ‘म्हातारी माणसं म्हणजे ओझं.’ शिवाय नातवाला शाळेतून आणणे, रेशनच्या रांगेत उभे राहणे, घराला राखण बसणे, याचे व्हाउचर कुणी फाडत नाही.

दुहेरी नोंदीच्या पद्धतीत ज्याने आपल्याला दिले त्याचे नाव जमेच्या बाजूला लिहितात. ताळेबंदात तो ‘देणी’ या सदरात दिसतो खरा. पण तो भिकारी नसतो, धनको असतो. एवढे तर अकरावीच्या पोराला कळते.

धनकोची आपण बोळवण कशी करतो, तर पदव्या देऊन. पूर्वी नुसता म्हातारा होता. त्याचा वृद्ध झाला, मग ज्येष्ठ नागरिक झाला. पदव्यांना महागाई भत्ता लागू आहे, पेन्शनला नाही. कारखान्यातले, एस.टी.तले निवृत्त लोक ज्या १९९५ च्या योजनेत येतात, तिच्यात महागाई भत्त्याची सोयच केलेली नाही. २०१४ च्या सप्टेंबरात किमान पेन्शन दरमहा १००० रुपये ठरले. त्यानंतर दहा वर्षे उलटली, गॅसची टाकी कुठल्या कुठे गेली. हजार मात्र हजारच राहिले. ते साडेसात हजार करा म्हणून बुलढाण्याला म्हातारे वर्षानुवर्षे उपोषणाला बसले. उपाशी राहण्याचा सराव त्यांना योजनेनेच दिला होता.

मुलांनी आई-बापांना पोसावे म्हणून २००७ साली कायदा झाला. त्याखाली मुलाला दरमहा १०,००० रुपयांपर्यंत द्यायला लावता येते. झाला हे उत्तम झाले. पण साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबाला केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला वाटा किती? २०० रुपये! राज्याने आपली भर घालून २०२३ साली आकडा १५०० वर नेला, योजनेला नाव दिले ‘श्रावणबाळ’. मूळच्या श्रावणाने आई-बापांना खांद्यावरून काशीला न्यायला काढले होते. पंधराशेत कावडीचा बांबू येईल. पुढचे त्यांनी बघावे.

रेल्वेने तर कावडच खाली ठेवली. पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के सवलत असे, ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने काढली. पुढे गाड्या परत आल्या, सवलत त्यांच्याबरोबर आली नाही. एस.टी.ने मात्र ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना फुकट नेले. लगेच ओरड सुरू झाली, ‘म्हातारे उगीच फिरतात!’ मी म्हणतो, फिरू द्या की! आज शिर्डी, उद्या नेवासे. सारा जन्म हे लोक कामाशिवाय कुठे गेले नाहीत. उगीच फिरायला पंचाहत्तर वर्षे थांबलेल्या माणसाला आपण कुठे निघालात, हे विचारणारे आपण कोण?

तेव्हा एक ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळ घेऊन निघणाऱ्या मंडळींना माझे हात जोडून सांगणे आहे. नारळ दात असलेल्यांना द्या. म्हाताऱ्यांना त्यांच्या पैशांचे बोला: पेन्शनला महागाई भत्ता, सत्तरीपुढे बँक खरोखर दारात आणि नोंदवही मेला म्हणेपर्यंत माणूस जिवंत. यात उपकार नाहीत. ठेवीची मुदत संपली, की व्याजासकट परत करतात; त्याला आमच्या खात्यात सत्कार म्हणत नाहीत.